पाजायला बसलेल्या आईसाठी जागा

धुळे,
ऑगस्टचा पहिला आठवडा

चि. सौ. बेटा,


जळगावहून पाठवलेलं तुझं पत्र मिळालं. बाळ चार महिन्यांचं झालं, वजन चांगलं भरतंय, हे वाचून समाधान वाटलं. बसमध्ये बाळाला पाजायला घेतलंस तेव्हा शेजारच्या बाईंनी "चारचौघांत काय हे" म्हणून टोकलं आणि पाचोरा येईपर्यंत तू बाळाला तसंच रडत ठेवलंस, असं लिहिलं आहेस. त्याच रात्री टीव्हीवर गाझातली, सुदानमधली उपाशी लेकरं पाहिलीस आणि स्वतःचीच लाज वाटली. जगात एवढं चाललेलं असताना आपण बसमधल्या एका बोलण्याचं काय घेऊन बसलो, असं तुला वाटलं. यावर माझं मत विचारलं आहेस.

बेटा, माझं मत सरळ आहे. या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पूर, भूकंप, दुष्काळ, युद्ध काहीही आलं, तरी बाईच्या हातून आधी जातं ते घराचं दार. मग तिला सगळ्यांदेखत जेवावं लागतं, झोपावं लागतं आणि सगळ्यांदेखतच बाळाला पाजावंही लागतं. एरवी तिला चारचौघांत पाजायची मोकळीक असेल, तर त्या दिवशी तिचं बाळ तगतं. आयुष्यभर तिने फक्त "आत जा, झाकून घे, लोक बघतात" एवढंच ऐकलं असेल, तर त्या दिवशी ती बाळाला छातीशी घ्यायला कचरते, आणि तेवढ्या वेळात कुणीतरी तिच्या हातात दुधाची बाटली देतं. बसमध्ये तुला जे सोसावं लागलं, त्याची किंमत मोठ्या संकटात लेकरं चुकवतात. मी आरोग्य खात्यात परिचारिका म्हणून नोकरी केली, तीन मुलं वाढवली. दोन्हीकडच्या अनुभवावरून मी हे लिहिते आहे.

फार लांबचं उदाहरण नको, आपल्या धुळ्याच्या रस्त्यावरचंच सांगते. मे २०२० मध्ये टाळेबंदीत मुंबई-आग्रा महामार्ग माणसांनी भरून वाहत होता. मुंबई, ठाणे, नाशिककडून निघालेले मजूर मालेगाव, लळिंगचा घाट, धुळे, सोनगीर, नरडाणा, शिरपूर, पळासनेर करत बिजासनला मध्य प्रदेशच्या हद्दीपर्यंत चालत होते. आपल्याकडच्या मे महिन्यात डांबर पायाला चिकटतं, हे तुला सांगायला नको. त्या गर्दीत नाशिकहून सतन्याकडे निघालेली एक बाई होती, नऊ महिने भरलेली. सत्तरेक किलोमीटर चालल्यावर, ५ मे रोजी, ती महामार्गाच्या कडेलाच बाळंत झाली. बरोबरच्या बायकांनी बाळंतपण केलं. तास-दोन तास विसावा घेऊन ती उठली आणि दीडशेहून जास्त किलोमीटर चालून बिजासनच्या नाक्यावर पोचली. वाटेत धुळ्यातल्या एका शीख कुटुंबाने बाळासाठी कपडे आणि गरजेच्या वस्तू दिल्या. ही बातमी तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत आली होती.

बाईच्या धैर्याचं कौतुक सगळ्यांनी केलं, आणि ते योग्यच होतं. माझ्या मनात मात्र प्रश्न आला तो बाळाचा. नाक्यावर पोचलं तेव्हा ते चार दिवसांचं होतं. त्या उन्हात, त्या धुळीत, ना चूल, ना उकळलेलं पाणी, ना वाटी-चमचा. असं बाळ जगतं ते आईच्या चिकावर आणि दुधावर. ते पाजायला आडोसा कुठला असणार? ट्रकची सावली, नाहीतर पुलाखालची जागा, आणि आजूबाजूला अनोळखी माणसांची रांग. तिथे तिला कुणी "चारचौघांत काय हे" म्हटलं असतं, तर?

आता मागे जाऊ. १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी होते. आमचं गाव शिंदखेडा तालुक्यातलं. माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरी मिलोची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, यावर आमचे दिवस निघाले. मे १९७३ मध्ये राज्यभर अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती आणि त्यांत बायकांचा भरणा फार मोठा होता. धाकटा भाऊ तेव्हा तान्हा. कामाच्या जागी बाभळीला झोळी बांधलेली असायची. तो रडला की आई हातोडी बाजूला ठेवायची, पदराचं टोक घागरीतल्या पाण्यात भिजवून छातीवरची खडीची धूळ पुसायची आणि ढिगाऱ्यालाच पाठ टेकून त्याला पाजायला घ्यायची. शेजारी बापे खडी भरत असायचे. मुकादम हजेरीचं पुस्तक घेऊन समोरून जायचा. कुणी तोंड वळवलं नाही आणि कुणी टक लावूनही पाहिलं नाही. पाजणं हे तिथे भाकरी खाण्याइतकंच रोजचं होतं. त्या वर्षी पोटं सगळ्यांचीच खपाटीला गेली होती, पण अंगावर पिणारी लेकरं तगली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पुढे २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असली, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमून तिला पूर्ण मजुरी द्यायची तरतूद झाली. आमच्या वेळी ते काम झोळीशेजारची एखादी म्हातारी फुकट करायची.

आजही शिरपूरकडे बोराडीच्या बाजारात गेलीस तर भिल्ल, पावरा बायका भाजीच्या ढिगाशी बसून एका हाताने पैसे मोजत बाळाला पाजताना दिसतील. त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही आणि गिऱ्हाइकालाही वाटत नाही. हा संकोच शिकलेल्या, बंद दाराच्या घरांतून वाढला. शिक्षण वाईट म्हणून नव्हे. घरात खोल्या वाढल्या, पडदे आले, अंगावरचे कपडे बदलले आणि आईचं पाजणं लोकांच्या नजरेतूनच गेलं. जे दिसत नाही ते लोकांना सवयीचं राहत नाही, आणि पुढेमागे दिसलंच तर त्यांना ते खटकतं.

आता संकटात प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, म्हणजे ही बाब केवढी गंभीर आहे ते तुला कळेल. पांझरेकाठच्या एका गावात पाणी शिरलं होतं, तेव्हाची गोष्ट. लोकांना शाळेत हलवलं होतं. वर्गाच्या कोपऱ्यात एक ओली बाळंतीण भिंतीकडे तोंड करून बसलेली, ब्लाउज दुधाने भिजलेला, आणि मांडीवर बाळ रडून रडून निळं पडायला आलेलं. वर्गात तीस-चाळीस माणसं, याद्या घेऊन येणारे-जाणारे कर्मचारी, फोटो काढणारी पोरं. सासू म्हणत होती, "धसक्याने हिचं दूध आटलं, पावडरचा डबा मागवा." दूध आटलं नव्हतं, अंगावरून वाहत होतं. मी दोन बाकं उभी करून त्यांवर एक साडी टाकली, वर्गातल्या पुरुषांना व्हरांड्यात जायला सांगितलं, बाईला गरम चहा आणि दोन पोळ्या खायला घातल्या आणि बाळ तिच्या उघड्या छातीला लावून बसवलं. पंधरा मिनिटांत बाळ शांत झालं.

यामागचं शरीरशास्त्र तुला माहीत असायला हवं. दूध तयार होतं ते प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकामुळे, आणि बाळ जितकं ओढतं तितकं ते बनत राहतं. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिनमुळे. भीती, लाज, अपमान यांनी ऑक्सिटोसिन थोड्या वेळापुरतं अडतं. म्हणजे दूध असतं, पण उतरत नाही. घरचे समजतात की आटलं. अशा वेळी बाळाला वरचं दूध दिलं, की ते आईला कमी ओढतं, आणि मग मात्र दूध खरोखरच कमी होत जातं. लाजेने घालवलेला अर्धा दिवस पुढे बाळाच्या जिवावर येऊ शकतो. आई अर्धपोटी असली तरी सहसा बाळापुरतं दूध येतं, म्हणून आईला खायला द्यायचं आणि आईने बाळाला पाजायचं, हा साधा क्रम आहे. आणखी एक ध्यानात ठेव. पहिले सहा महिने बाळाला पाणीसुद्धा लागत नाही, जळगावच्या पंचेचाळीस अंशांतही नाही. आईच्या दुधात साधारण ८८ टक्के पाणीच असतं.

आणि पावडरचा डबा? शहाण्या माणसांकडूनही चूक होते ती इथेच. पूर आला, भूकंप झाला की मदतीच्या गाड्या निघतात आणि त्यांत दुधाच्या पावडरीचे डबे आणि बाटल्या हमखास असतात. देणाऱ्याची भावना चांगलीच असते. पण पावडर कालवायला स्वच्छ पाणी लागतं, ते उकळायला जळण लागतं, बाटली आणि बूच धुवायला पुन्हा पाणी लागतं. पुराच्या गावात यातलं काय मिळतं? इंडोनेशियातल्या योग्यकर्ता भागात मे २००६ मध्ये भूकंप झाला, तेव्हा अशा फुकट डब्यांचा पाऊस पडला. नंतरच्या पाहणीत दोन वर्षांखालच्या ज्या मुलांना ते डबे मिळाले होते, त्यांच्यात जुलाबाचं प्रमाण सुमारे २५ टक्के निघालं. ज्यांना मिळाले नव्हते त्यांच्यात ते सुमारे १२ टक्के होतं. त्याच वर्षी आफ्रिकेतल्या बोत्स्वानात अतिवृष्टीनंतर जुलाबाची भयंकर साथ आली. तिथल्या तपासात दिसलं की आईचं दूध न पिणाऱ्या तान्ह्यांना रुग्णालयात उपचार लागण्याची शक्यता सुमारे ५० पट होती.

म्हणूनच संकटकाळातल्या शिशुपोषणाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं, २००१ साली आलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली, स्पष्ट सांगतात की पावडरच्या दुधाच्या आणि बाटल्यांच्या देणग्या मागू नका आणि स्वीकारू नका. आपल्या देशात तर यासाठी १९९२ चा कायदाच आहे. २००३ च्या दुरुस्तीने तो आणखी कडक झाला. शिशुदुधाची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, अनाथालयाखेरीज कुणाला देणगी म्हणूनही ते द्यायचं नाही. या कामासाठी झटणारी भारतीय स्तनपान प्रोत्साहन संघटना, बीपीएनआय, ३ डिसेंबर १९९१ रोजी आपल्याच वर्ध्यात स्थापन झाली. पूर आपल्याकडेही येतो; ऑगस्ट २०२१ च्या शेवटी तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं. खानदेशातल्या प्रत्येक मदत-मंडळाने, गणेश मंडळाने १९९२ चा हा कायदा भिंतीवर लावून ठेवावा, असं मला तेव्हापासून वाटतं.

यावर तू म्हणशील, ज्या आईला पाजता येत नाही तिने काय करायचं? हा प्रश्न रास्त आहे, आणि अशा आईला दोष देणारं माणूस मला खपत नाही. कुणी आजारी असते, कुणाचं बाळ अपुऱ्या दिवसांचं असतं, कुणाची आईच पुरात जाते. अशा बाळाला वरचं दूध द्यावंच लागतं. पण ते आरोग्य कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली, त्या एका बाळापुरतं मोजून, उकळलेल्या पाण्यात आणि वाटी-चमच्याने द्यायचं. आपल्या जुन्या बायका बोंडल्याने दूध पाजायच्या. स्वच्छ उकळलेलं बोंडलं बाटलीपेक्षा केव्हाही बरं, कारण त्याचा कानाकोपरा घासता येतो. दुसऱ्या आईचं दूध हाही मार्ग आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली आणि अपुऱ्या दिवसांची किती लेकरं त्या दुधावर वाढली. मे २००८ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतात भूकंप झाला. तेव्हा जियांग श्याओजुआन नावाच्या पोलीस बाईने स्वतःचं तान्हं घरी ठेवून, छावणीत आलेल्या आई नसलेल्या किंवा आईचं दूध न मिळणाऱ्या अनेक बाळांना आपल्या अंगावर पाजलं. तिच्या देशाने तिला डोक्यावर घेतलं. आपल्याकडेही दूधभाऊ-दूधबहीण ही नाती अशाच अडचणीतून जुळली.

आता तुझ्या बसकडे येते. कायदा आणि न्यायालय आज तुझ्या बाजूला आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांच्यासमोर सार्वजनिक ठिकाणी स्तनदा मातांसाठी कक्ष असावेत या मागणीचा निकाल झाला. सरकारी इमारती आणि सार्वजनिक जागांमध्ये अशी सोय व्हावी, हे न्यायालयाने उचलून धरलं. सार्वजनिक ठिकाणी किंवा कामाच्या जागी बाळाला पाजण्याला कलंक मानला जाऊ नये, हेही सांगितलं, आणि स्त्रीच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या प्रथा सोडण्याचं संविधानातलं कर्तव्य, अनुच्छेद ५१ क (ङ), नागरिकांच्या लक्षात आणून दिलं. तुला टोकणाऱ्या बाईंनी हे वाचलेलं नसणार. तू वाचून ठेव.

आपल्या राज्यात एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष झाले. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर घरच्या तान्ह्यासाठी कडा उतरून गेलेल्या गवळणीचं नाव त्यांना दिलं, हे फार योग्य झालं. पण कक्ष केवळ पाटीपुरता असून चालत नाही. त्याला आतून कडी हवी, पंखा हवा, बसायला पाठीची खुर्ची हवी आणि रोज झाडलोट हवी. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये तान्हं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या. पुढच्या मुंबईच्या अधिवेशनात तिथल्या हिरकणी कक्षाच्या अस्वच्छतेबद्दल त्यांना जाहीर बोलावं लागलं. विधिमंडळात आमदाराला बोलावं लागतं, तर तालुक्याच्या स्थानकावर तुझ्यासारखीने का गप्प बसावं?

आणि बेटा, कक्ष हवेत म्हणजे आईला कक्षातच कोंडायचं असं नाही. जिला आडोसा हवा तिला तो मिळाला पाहिजे. संकोच हा तिचा स्वतःचा असेल तर त्याचा मान ठेवावा, आणि म्हणून त्या शाळेच्या वर्गात मी साडी बांधली. पण धावत्या बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, महामार्गावर कक्ष कुठून आणायचा? तिथे जिथे बसली आहे तिथेच पाजण्याचा आईला पूर्ण अधिकार आहे. पाहणाऱ्याने नजर वळवावी, जागा द्यावी, एवढंच त्याचं काम. आजीबाई "नजर लागेल" म्हणून पदर घ्यायला सांगतील तेव्हा त्यांच्या मायेसाठी पदर घे. पण कुणी लाज काढण्यासाठी सांगत असेल, तर शांतपणे म्हण, "बाळ जेवतंय, काकू." आवाज चढवायची गरज नाही.

टीव्हीवरच्या त्या लेकरांसाठी काय करू, असं तू विचारलं आहेस. गाझाला आपल्याला जाता येणार नाही. पण आपल्या गिरणा-तापी-पांझरेच्या काठी पुन्हा पाणी येणारच आहे, महामार्गावर पुन्हा माणसं चालणारच आहेत. पुढच्या वेळी तुमच्या कॉलनीतून मदतीची गाडी निघेल, तेव्हा तू पुढे हो. गाडीत दुधाच्या पावडरीचे डबे आणि बाटल्या असतील तर उतरवून ठेवायला लाव, आणि का, ते सांग. त्याऐवजी बाळंतिणीला खायला डाळ, तांदूळ, शेंगदाणे, गूळ भर. पिण्याचं पाणी भर, मऊ सुती कापड भर, दोरी आणि दोन-चार जुन्या साड्या भर. छावणीवर पोचलीस की आधी एक कोपरा साड्यांनी बंद कर, तिथे तान्ह्यांच्या आयांना बसव, गावच्या आशाताईंना आणि अंगणवाडीच्या ताईंना तिथे नेमून दे आणि कॅमेरेवाल्यांना तिथे फिरकू देऊ नकोस.

आणि तोवर, उद्याच्या बसमध्ये बाळ रडलं तर त्याला पाज. लोकांना ते पाहायची सवय होऊ दे. ती सवय आपण आत्ताच लावली पाहिजे, कारण पूर आल्यावर शिकवायला वेळ नसतो.

बाळाला माझा पापा. स्वतः वेळेवर जेव.

तुझी,
मावशी-आजी